सुईची वरची खाच

बाबा,

तुमची गाडी अजून आहे. हे आधी सांगून टाकते, कारण घरी आल्यावर माणसांच्या आधी गाडीची विचारपूस करायची तुमची सवय होती. तुम्ही गेल्यावर काकांनी लगेच ती भंगारात द्यायचा घाट घातला होता, पण आईने मागच्या टिनाच्या शेडला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि विषय संपवला. ती शेड आता उघडली ती तुमच्या नातीने. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. नागपूरला शिकते, सुट्टीत वणीला आली की तिला चैन पडत नाही. तिने ताडपत्री ओढली, उंच बसवलेलं मडगार्ड, ठोकळ्याठोकळ्यांचे टायर आणि वर वळवलेला सायलेन्सर बघितला आणि किंचाळलीच, "मम्मी, आजोबांकडे डर्ट बाईक होती आणि तू मला सांगितलं नाही?" मी काय सांगणार? आमच्यासाठी ती बाबांची गाडी होती. खाणीचे सर्व्हेअर म्हणून तुम्हाला मातीच्या ढिगाऱ्यांवर मोजणीला जावं लागायचं, चाक रुतू नये म्हणून तुम्ही राजूरच्या वेल्डरकडून ते सगळं करून घेतलं होतं. त्याला जगात काही नाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिला आता ती गाडी घेऊन उमरखेडकडच्या डोंगरात जायचंय. तिथे तिचे मित्रमैत्रिणी ओढ्यांतून, मुरमाच्या चढांवरून गाड्या पळवतात आणि त्याला मजा म्हणतात. मी म्हटलं, जा, पण आधी गाडीचं अडकणं जाऊ दे. कारण ती अडकते, बाबा. हळूहळू रेस दिली तर गरीब गायीसारखी चालते. एकदम रेस पिळली की मात्र क्षणभर इंजिनचा श्वासच जातो, गाडी बसल्यासारखी होते, आणि मग भानावर येऊन उसळी मारते. लेकीला वाटतं की जुनी गाडी आहे, एवढं तर होणारच. मला मात्र तो क्षण ठाऊक आहे. पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. राजूर फाट्यावरच्या पानठेल्यावाल्याने दारात उभं राहून काकांना सांगितलं होतं, "साहेब अर्ध्या रस्त्यात आलते, रेस पिळली, न गाडी गपकन बसली. मंग उचलली बापा, पन तवरिक टरक आलाच." त्या दिवशी घरी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी माहेरी आलेली होते, वाणाच्या वाट्या मांडत होते. खाणीतून बोलावणं आलं, अंगणात बायका जमायला लागल्या होत्या, आणि तुम्ही त्यांच्यातून मान खाली घालून, कुणाच्या पदराला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून निघालात. गाडी तुम्ही फाटकाबाहेर ढकलत नेली आणि तिथे किक मारली. तेवढंच मी पाहिलं.

तेव्हापासून घरात एक निकाल लागलेला आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध आहे. काका म्हणाले, मिस्त्रीकडे नेली असती तर माणूस वाचला असता. आई म्हणाली, "साऱ्या जगाची मोजणी केली, पन आपल्या गाडीवर दुसऱ्याचा हात लागू देला नाई." शेजारपाजार, जावई, सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. बावीस वर्षं मी तुमच्यावर रागावलेली आहे, हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल म्हणून लिहिते. माणूस एवढा हट्टी कसा असतो की दर रविवारी गाडी खोलतो, पेचकस कानाला लावून इंजिन ऐकतो, "आता बरोबर बोलून राह्यली" म्हणतो, आणि तीच गाडी त्याला भर रस्त्यात दगा देते? तुम्हाला काहीच येत नव्हतं का? की येत होतं आणि त्या एका दिवशी चुकलं? हा प्रश्न मी लग्नकार्यात, बसमध्ये, लॅबमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या बघताना, कुठेही स्वतःला विचारत आले आहे आणि उत्तर प्रत्येक वेळी वेगळं आलं आहे.

रविवार आठवतो. सकाळचं ऊन अंगणात आहे, तुम्ही बनियनवर बसला आहात आणि आईची पोह्यांची थाळी रॉकेलने भरलेली आहे. थाळीत कार्बोरेटरचे तुकडे पडले आहेत, पितळी, पिवळे, माझ्या कानातल्यांहून लहान. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "ती थाळी आता माह्या घरात आनू नका!" तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवता आणि उलट तिलाच समजावता, "अवं, कणकेसारखं आहे हे. हवा म्हनजे पीठ, पेट्रोल म्हनजे पानी. पीठ जास्त झालं की गोळा कोरडा, पानी जास्त झालं की चिकट. या सुईले खाचा आहेत, क्लिप वरच्या खाचेत बसवली की सुई खाली जाते न पानी कमी होते, खालच्या खाचेत बसवली की जास्त." आई म्हणते, "मंग या, तुमीच मळा." आणि तुम्ही हसता आणि म्हणता, "त्यापरीस एखांदी धुवट साडी दे, मऊ पायजे." तुम्ही सारख्या जुन्या सुती साड्या मागायचात. मला वाटायचं की गाडी पुसायला लागतात. मी ती सुई उचलायला गेले तर तुम्ही माझ्या हातावर चापटी मारलीत. "हात लावू नको. ते खाच बदलली तर सारंच बदलते. मले नाई पटत कोनी हात लावलेला." मी खूप रडले होते, आणि पुढे कित्येक वर्षांनी मला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तो कानाला लावायचा बारीक पेचकस पेढ्यांच्या पुड्यासोबत मला दिलात. तो पेचकस मायक्रोस्कोपच्या स्क्रूंना फार उपयोगी पडतो, आणि आता तोच घेऊन मी तुमच्या गाडीशी बसले आहे.

गेला महिनाभर मी अक्षरशः वेडी व्हायची राहिले. रविवारी मी कार्बोरेटर काढते, रॉकेलऐवजी डब्यातल्या फवाऱ्याने धुते, थाळी मात्र आईचीच घेते, आणि आई अजूनही तेच ओरडते. लेक मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांचे व्हिडिओ लावून समोर धरते. एक म्हणतो की पेट्रोल कमी पडतंय, दुसरा म्हणतो की पेट्रोल जास्त होतंय, तिसरा हसत हसत म्हणतो की दोन्ही लक्षणं सारखीच दिसतात, त्यामुळे ओळखणं अवघड आहे. शेवटी मी बाजारातल्या मिस्त्री चाचांना बोलावलं. त्यांचे अब्बा तुम्हाला ओळखायचे. चाचांनी प्लग काढला, काळा कुळकुळीत होता, आणि निकाल दिला, "ताई, पेट्रोल जास्ती खाऊन राह्यली. सुई नीचे करा, मक्खन होते का नाई पाहा." मी म्हटलं, चाचा, सुई खाली करायला जागाच नाही, क्लिप आधीच सगळ्यात वरच्या खाचेत आहे, म्हणजे सुई जितकी खाली जाईल तितकी गेलेली आहे. चाचांनी सुई उजेडात धरून उलटसुलट केली. मग म्हणाले, "मंग पेट्रोलच खराब असंन." पेट्रोल बदललं. केबल बदलली. पुढच्या खेपेला त्यांनी कॉइलवर संशय घेतला, त्याच्या पुढच्या खेपेला टाकीवर. प्रत्येक वेळी त्यांचा विश्वास पहिल्याइतकाच पक्का असायचा, आणि गाडी प्रत्येक वेळी तितक्याच इमानाने अडकायची. प्लग काळा का होता ते नंतर कळलं. या गाडीच्या पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळावं लागतं, ते आमच्या कन्येने अगदी मायेने, हात सैल सोडून ओतलं होतं.

त्या सुईने माझी झोप घालवली. सगळे म्हणत होते की क्लिप मधल्या खाचेत असते. तुमची सगळ्यात वरच्या खाचेत, म्हणजे पाणी सगळ्यात कमी, गोळा एकदम कोरडा. मी ती सुई कागदात गुंडाळून लॅबमध्ये नेली आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर मायक्रोस्कोपखाली धरली. वरच्या खाचेची कड घासून गुळगुळीत झाली होती. खालच्या सगळ्या खाचा अगदी कोऱ्या, कारखान्यातून आल्या तशा. म्हणजे ती क्लिप वर्षानुवर्षं तिथेच बसलेली होती. तुमच्या हातून एका दिवसापुरती चूक झालेली नव्हती, तुम्ही कायमच चुकीच्या खाचेवर गाडी चालवत होता. मला आसुरी समाधान झालं, बाबा, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, पुरावा मिळाला. आणि लगेच असं वाईट वाटलं की समोर ठेवलेला चहा मी प्यायलेच नाही. पण मग माझं मलाच काही कळेना. एवढ्या कोरड्या मिश्रणावर ही गाडी ढिगारे चढायची कशी? मी स्वतः तिच्यावर शिकले. तुम्ही मागे बसून "पिळ, पिळ, भिऊ नको" म्हणायचात, मी रेस पिळायचे आणि ती तशीच्या तशी चढ खेचायची, एकदाही अडकल्याचं मला आठवत नाही. लहानपणच्या आठवणी लबाड असतात असं स्वतःला समजावून मी सुई परत पुडीत बांधली आणि संध्याकाळी होती तशीच बसवली. क्लिपला मी हात लावला नाही. तुमची चापटी एवढी लांबवर पोचते.

आणि मग गेल्या रविवारी हे झालं. लेकीने गाडीला नवा स्पंजचा एअर फिल्टर बसवला आहे, तो तिने धुऊन कुंपणावर वाळत ठेवला होता. तेवढ्यात आमच्या घरासमोरून कोळशाचे ट्रक लागोपाठ गेले. तुम्हाला माहीतच आहे, आता ताडपत्र्या बांधतात, तरी धूळ तीच. गाडी चालू होती, कार्बोरेटरचं हवा घेणारं तोंड उघडं होतं. लेकीने तोंडाला बांधलेला सुती स्कार्फ भर्रकन सोडला, हवेच्या तोंडावर ताणून बसवला, केसांचं रबर काढून वरून आवळलं आणि धूळ खाली बसेपर्यंत उगाच एक रेस पिळली. गाडी अडकली नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिने पुन्हा पिळली, एकदम, निर्दयपणे, आणि इंजिन तिच्या मनगटाबरोबर उठलं. "मम्मी!" एवढंच ओरडून ती गाडीवर बसली आणि फाटकाबाहेर गेलीसुद्धा. मी अंगणात पेचकस हातात घेऊन उभी. डोक्यात कणीक फिरत होती. फडकं बांधलं की हवा कमी जाते. पीठ कमी तर पाणीही कमीच लागणार. मग वरची खाच चूक कशी?

आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती कौतुकाने म्हणाली, "पाह्य, कशी पळाली! त्याईची अशीच पळत होती. तेही असंच फडकं बांधत तिथी, माह्या साडीचं. कोळशाची धूळ आत जाते म्हने. राजूरले जानारे सारेच बांधत."

मी म्हटलं, "आई, मला कसं माहीत नाही हे?"

"तुले कायची मायती? सीटच्या खाली आत राहे ते. त्या साली मात्र मोठं बांधलतं त्याईनं, अर्ध बाहेर लोंबे. काळंकुट्ट." ती शेंगेतला किडका दाणा बाजूला टाकत हसली. "हळदीकुंकवाच्या दिवशी मीच सोडलं न ते. अंगनात बायका येनार, अन् दारातच्या गाडीले ते घानेरडं फडकं. म्हटलं धुऊन टाकू, उद्या बांधतीन. घासून घासून पांढरं केलं, दोरीवर वाळू घातलं. ते तसंच राह्यलं मंग दोरीवर. तेराव्यानंतर मी त्याचं पायपुसनं केलं."

तिचा आवाज जराही बदलला नाही. तिने पुढची शेंग उचलली. लांब, चौकाच्या बाजूने तुमच्या गाडीचा आवाज येत होता, वळणावर रेस सुटायची आणि पुन्हा एकदम चढायची, आणि मध्ये कुठेही खंड पडत नव्हता. मी तिच्याशेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.

मला अजूनही नीट समजत नाही, बाबा. तुम्ही गाडी त्या फडक्यासकट जुळवली होती आणि अगदी बरोबर जुळवली होती, एवढं मी आता शपथेवर सांगेन. तुम्हाला माहीत नसताना फडकं निघालं, पीठ वाढलं, पाणी तेवढंच राहिलं. पण घरापासून फाट्यापर्यंतच्या रस्त्यात तुम्हाला जाणवलं नाही का? तुम्ही तर तिचं बोलणं ऐकायचात. की जाणवलं आणि वाटलं, घरी जाऊन बघू? की घाई होती आणि बायकांच्या घोळक्यातून सुटल्याच्या आनंदात तुम्ही ऐकलंच नाही? शिवाय ट्रकवाला हळू आला असता तर गाडी अडकूनही तुम्ही पार झाला असता. आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. खाचेला हात लावू नको म्हणून तुम्ही पोरीला चापटी मारलीत, आणि त्या फडक्याला हात लावू नको, त्याच्यावर सगळं अवलंबून आहे, हे बायकोला एका शब्दाने सांगितलं नाहीत. कणकेचं सगळं समजावलंत आणि नेमकं तेवढंच राहिलं. ती बिचारी समजत होती की धुळीसाठी आहे. कोणतीही बाई सणाच्या दिवशी तेच करेल. मीही केलं असतं.

बावीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं ते मिळालं, आणि आता मला ते कुठे ठेवावं कळत नाहीये. मला धावत जाऊन काकांना सांगायचं होतं की माझ्या वडिलांचा हात चुकला नव्हता. फोनही हातात घेतला होता. काका लगेच विचारतील, मग काय झालं होतं? आणि काकांच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुम्ही जाणता.

लेक परत आली, घामेजलेली, आनंदाने वेडी. तिला मी सांगितलं की हवा जास्त होत होती. आम्ही स्कार्फ काढला, आणि मी क्लिप मधल्या खाचेत बसवली. पहिल्यांदाच. बसताना तिचा बारीक टक आवाज होतो, तुम्ही तो कितीदा ऐकला असेल. आता गाडी नव्या फिल्टरवर, फडक्याशिवाय नीट चालते. डोंगरात कुणी काही बांधा-सोडायची भानगड नको, म्हणून असंच ठेवलं. तुमचं जुळवलेलं मी मोडलं, हे खरं. पोरगी बसणार आहे तिच्यावर.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तुरीच्या दाण्यांची आमटी ढवळत होती आणि मी थाळी घासत होते. तिने पाठमोरीच विचारलं, "मंग, काय निघालं शेवटी?"

मी म्हटलं, "सुई चुकीच्या खाचेत होती."

"म्हनजे त्याईचंच चुकलं होतं न?"

मी थाळी उलटी करून मागूनही घासली. मग म्हटलं, "हो. बाबांचंच चुकलं होतं."

"सांगत होती मी त्याईले, मिस्त्रीकडे न्या म्हनून," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले, मग धुराला नावं ठेवली. गॅसला कुठला आलाय धूर. आणि मला म्हणाली, "जाऊ दे. चांगले होते पन." आणि आमटीत मीठ टाकलं, एकदा टाकलेलं असूनही.

हे घरात कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं. तुमचं चुकलं नव्हतं. पाठवायला पत्ता नाही, आणि घरात ठेवायची सोय नाही, कारण आई अजूनही हाताला लागेल तो कागद वाचते. उद्या लॅबमध्ये नेऊन फाडून टाकीन. माफ करा असंही म्हणवत नाही, बाबा, कारण तिने पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तुमचंच नाव सांगणार आहे.